हळदीच्या हंगामात बॅश शेल: एक परीक्षण

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाचे संगणकाचे काम माझ्याकडे आहे. हळदीचे सौदे जोरात असताना दिवसभराच्या पट्ट्या तारखेनुसार लावणे, त्यांची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढणे आणि एखाद्या शेतकऱ्याची जुनी पट्टी दिवाणजींना उभ्या उभ्या शोधून देणे, ही सारी कामे लिनक्सवर बॅशमधून, म्हणजे टाइप केलेल्या कमांड घेऊन संगणकाकडून काम करून घेणाऱ्या प्रोग्राममधून (शेलमधून) होतात. ब्रायन फॉक्स यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेले आणि 1989 मध्ये आलेले हे शेल फुकट मिळते. तेव्हा पाहायचे ते इतकेच, की शिकण्यात घातलेला वेळ वसूल होतो का.

होतो, आणि त्यातला मोठा वाटा जुन्या कमांड शोधून देणाऱ्या एकट्या कंट्रोल-आरचा आहे. फाइलींची प्रत काढणाऱ्या आरसिंक प्रोग्रामची आमची कमांड ओळभर लांब आहे. पण कंट्रोल-आर दाबून डिस्कच्या नावातील तीन-चार अक्षरे दिली की ती जशीच्या तशी समोर येते, आणि हवी ती नसेल तर तेच पुन्हा दाबून तिच्याआधीची मिळते. ऑल्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबल्यास मागच्या कमांडचा शेवटचा शब्द उमटतो, त्यामुळे नव्या फोल्डरचा लांबलचक पाथ (डिस्कवरचा पत्ता) त्यात शिरताना दुसऱ्यांदा लिहावा लागत नाही. महिरपी कंसात 01 आणि 31 यांच्यामध्ये दोन टिंबे दिली, की महिन्याचे सगळे फोल्डर एका ओळीत तयार होतात. मॅकसोबत येणाऱ्या जुन्या 3.2 आवृत्तीत मात्र पुढचे शून्य गळते आणि 10 तारीख 2 तारखेच्या आधी जाऊन बसते.

एलियसचे, म्हणजे लांब कमांडला छोटे नाव देण्याच्या सोयीचे, कौतुक मला जरा जास्त वाटते, कारण आपले दोन अक्षरी संक्षेप दुसऱ्याच्या संगणकावर चालत नाहीत आणि हंगाम उलटला की आपल्यालाही आठवत नाहीत.

मूळ बॅशची खरी उणीव इतिहासात, म्हणजे दिलेल्या कमांडच्या नोंदीत आहे. त्यात 500 च ओळी राहतात, आणि दोन विंडो उघड्या असतील तर नंतर बंद झालेली विंडो आधीच्या विंडोच्या नोंदी पुसून टाकते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने ही मर्यादा 1000 करून हिस्टअपेंड, म्हणजे जुन्या नोंदी न पुसता नव्या मागे जोडण्याची सोय, आधीच चालू ठेवले आहे. कंट्रोल-आरने फार मागे गेल्यावर कंट्रोल-एसने पुढे यावे अशी सोय आहे खरी, परंतु बहुतेक टर्मिनलांत (कमांड देण्याच्या विंडोंत) त्याने पडदाच गोठतो. तो कंट्रोल-क्यूने सुटतो. कायमचा उपाय म्हणून बॅश सुरू होताना वाचते त्या बॅशआरसी फाइलमध्ये ‘एसटीटीवाय’ या टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या कमांडपुढे ‘उणे आयएक्सऑन’ लिहून ठेवावे.