प्रत्येक फॅक्स दोन ठिकाणी जात होता

अजून फॅक्स कोण पाठवतं, असं लोकांना वाटतं. पण सही-शिक्क्याचे कागद फॅक्सनेच पाठवणारे काही जुने क्लायंट आमच्याकडे आहेत, म्हणून बारा वर्षांपूर्वीचा मल्टिफंक्शन प्रिंटर आम्ही जपून ठेवलाय. आलेला फॅक्स तो छापतो, शिवाय त्याची पीडीएफ ऑफिसच्या जीमेलवर पाठवतो. बाहेर कामाला गेलेल्या माणसाला कागद जागेवरच दिसतो. वर्षानुवर्षं हे सुरळीत चालू होतं.

२०२२ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मेल यायचे एकदम थांबले. कागद छापून यायचा, पण स्क्रीनवर ‘ऑथेंटिकेशन फेल’. पासवर्ड तीनदा पुन्हा भरला, तरी तेच. मग मॉडेलचं नाव आणि ‘हेल्पलाइन’ असं सर्च केलं आणि सगळ्यात वर जो नंबर दिसला त्यावर फोन लावला. तो जाहिरातीतला नंबर होता, प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचा नव्हता, हे मी बघितलंच नाही.

समोरचा माणूस फार नम्रपणे बोलत होता. “सर, तुमचं फॅक्स सर्व्हरचं लायसन्स संपलंय. मशीन जुनं आहे ना, आज रिन्यू केलं नाही तर फॅक्स नंबरही ब्लॉक होईल.” त्याने रिमोटचं सॉफ्टवेअर, म्हणजे लांबून आमचा कॉम्प्युटर चालवता येईल असं, टाकायला लावलं, विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (कॉम्प्युटरमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडला आणि लाल खुणांची रांग दाखवली. “हे बघा सर, सगळे फॅक्सचे एरर.” तशा लाल खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही ढिगाने असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी वर्षभराच्या सपोर्टचे पैसे भरले. “आता मोबाइलवर कोड येईल, तो सांगा.” तोही सांगितला. मध्येच स्क्रीन काळी झाली. “अपडेट चालू आहे सर, पाच मिनिटं हात लावू नका.” मी हात लावला नाही.

आणि काम झालं! टेस्ट फॅक्स मेलवर आला. म्हणूनच संशय यायला तीन आठवडे लागले.

एका क्लायंटने फोन करून विचारलं, फॅक्स मिळाला का? बघायला म्हणून मशीनचा जर्नल रिपोर्ट, म्हणजे आलेल्या-पाठवलेल्या फॅक्स-मेलची नोंद, छापला. फॅक्स मिळाला होता, पण त्या ओळीखाली मेल पाठवल्याच्या दोन ओळी होत्या. आमच्याकडे तर एकच मेल येत होता. वर बघत गेलो, तर आधीच्या प्रत्येक फॅक्सखाली तशाच दोन-दोन ओळी. प्रिंटरचं ॲड्रेस बुक उघडलं. ००१ ला आमचा पत्ता, ००२ ला ‘सर्व्हर बॅकअप’ नावाने एक अनोळखी ईमेल, आणि फॉरवर्डच्या यादीत दोघांवरही खूण. प्रिंटरचं सेटिंग पेज ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता टाकला की उघडतं, आणि कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड आम्ही कधी बदललाच नव्हता. त्या फोनवरच्या माणसाला काही फोडावं लागलं नाही.

त्या तीन आठवड्यांत ४१ फॅक्स आले होते. बँक खात्यांचे नंबर, ओळखपत्रांच्या प्रती, आणि सह्या.

मशीन बिघडलंच नव्हतं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या यूजरनेम-पासवर्डवर बाहेरच्या ॲपना आणि उपकरणांना आत घेणं बंद केलं. आमचा प्रिंटर त्यातच अडकला होता. उपाय फुकट आहे: खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोडही मागणारी सोय) चालू करायचं, १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे एखाद्या ॲपला किंवा उपकरणाला देण्यासाठीचा वेगळा पासवर्ड, तयार करायचा आणि तो प्रिंटरच्या एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या) सेटिंगमध्ये भरायचा, पोर्ट ५८७, टीएलएस (मेल जाताना सांकेतिक करणारी पद्धत) चालू. मशीन फक्त टीएलएस १.० ही जुनी आवृत्ती जाणणारं असेल तर मात्र अडचण खरी आहे. तो प्रकार २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद ठरलाय. तिथे फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळतं का ते बघायचं, नाहीतर मध्ये एखादा मेल रिले, म्हणजे प्रिंटरकडून मेल घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर, बसवायचा. आमच्या मशीनचं फर्मवेअर अद्ययावत होतं. त्या माणसाने जे केलं ते कुणालाही अर्ध्या तासात जमलं असतं, आणि ‘फॅक्स सर्व्हरचं लायसन्स’ असलं काही आमच्या मशीनला लागतच नाही.

पण स्क्रीन काळी असताना त्याने ॲप पासवर्ड एक नाही, दोन बनवले होते. एक प्रिंटरसाठी, दुसरा स्वतःसाठी. ॲप पासवर्ड हातात असला की मोबाइलवरच्या कोडशिवाय मेल वाचता येतात. म्हणजे फक्त फॅक्सच नाहीत, आमची अख्खी मेलबॉक्स त्याच्यासमोर उघडी होती. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात, म्हणून सगळ्यात आधी तेच केलं. मग ज्या कॉम्प्युटरवर तो शिरला होता तो पुसून नव्याने विंडोज टाकलं, प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड बदलला, ००२ खोडला, बँकेला कळवून कार्ड बंद केलं आणि पोलिसांकडे तक्रार दिली. पैसे परत आले नाहीत.

सगळ्यात जड गेलं ते ज्यांचे कागद बाहेर गेले त्यांना एकेकाला फोन करणं. एक वयस्कर बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “माझी सही त्यांच्याकडे आहे. ती मी कशी बदलू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तुमच्या ऑफिसात कुणी असं फोनवरून मशीन ‘दुरुस्त’ करून दिलं असेल, तर आजच जर्नल रिपोर्ट छापा. आलेल्या प्रत्येक फॅक्सखाली मेलच्या ओळी मोजा. मग फॉरवर्डच्या यादीतला एकेक पत्ता वाचा, आणि जो तुमच्या ओळखीचा नाही तो काढण्याआधी त्याचा फोटो घेऊन ठेवा. आम्ही गडबडीत आधीच खोडला होता, आणि तक्रार देताना पहिल्यांदा तोच मागितला.