दुधाळ झालेला टँक आणि थेंबांचे टेस्ट किट

इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा फिश टँक आहे; काठोकाठ भरला तर त्यात सुमारे ७० लिटर पाणी मावते. आठ मोली माशांच्या या टँकमधील पाणी काही महिन्यांपूर्वी तांदळाच्या धुवणासारखे पांढरट झाले आणि मागच्या काचेवर चिकटवलेली तापमानाची पट्टी समोरून वाचता येईना. त्या अडचणीत मी पाणी तपासण्याचे द्रव टेस्ट किट विकत घेतले. आठ महिने ते नियमित वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. तो एका कंपनीपुरता नाही, थेंब टाकून रंग पाहण्याच्या या प्रकारच्या किटविषयी आहे.

पाणी बिघडले ते स्वच्छतेनंतर, हे आधी सांगितले पाहिजे. टँक धुण्यासाठी आम्ही महिन्याकाठी एक माणूस बोलावत असू. त्या वेळी त्याने सगळे पाणी उपसले, खडी बादलीत चोळून खळखळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत पिळला आणि नर्मदेच्या नळाचे ताजे पाणी भरून त्यात अँटिक्लोरीनचे, म्हणजे क्लोरीन घालवणाऱ्या द्रवाचे, थेंब टाकले. टँक नव्यासारखा दिसू लागला आणि तिसऱ्या दिवशी दुधाळ झाला. फोन केल्यावर त्याने पाणी निवळवण्याचे औषध पाठवले. ते घातल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खरोखरच काचेसारखे झाले होते, परंतु त्याच्या पुढच्या संध्याकाळी ते पुन्हा पांढरे झाले आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले.

आमच्या आईने तुरटी फिरवण्याचा सल्ला दिला होता. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे किंवा माठाच्या आतल्या बाजूला निवळीची बी उगाळणे हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि दुकानातले औषधही जवळपास तेच काम करते: पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटवून त्यांचे गोळे करते, म्हणजे ते तळाशी बसतात किंवा फिल्टरमध्ये अडकतात. गाळ मातीचा असेल तर हा उपाय योग्यच आहे. आमच्या टँकमधील पांढरेपणा मात्र मातीचा नव्हता, तो पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा होता. जिवाणूंचे अन्न पाण्यात शिल्लक असताना त्यांचे गोळे करून बाजूला काढले, तरी दीड-दोन दिवसांत तितकेच नवे तयार होतात. तुरटी तर माशांच्या टँकमध्ये घालूच नये. तिने पाण्याची आम्लता एकाएकी वाढू शकते आणि तिच्यातील ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना अपाय करते.

किट मला ३,४०० रुपयांना पडले. त्यात पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचे माप), अमोनिया (माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात येणारा घटक), नायट्राइट आणि नायट्रेट (अमोनियापासून पुढे बनणारे घटक) तपासण्याच्या द्रवांच्या बाटल्या, काचेच्या चार नळ्या आणि रंगांचा तक्ता आहे. अमोनियासाठी नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचे, पहिल्या बाटलीचे ८ आणि दुसऱ्या बाटलीचे ८ थेंब टाकायचे, टोपण लावून हलवायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. नळीचे तोंड बोटाने दाबून हलवू नये, कारण त्वचेवरचा अंश मिसळून निकाल बदलू शकतो. पहिल्या दिवशी मी नळी खिडकीत नेऊन तक्त्याच्या पांढऱ्या भागावर टेकवली. सुरुवातीला द्रव लिंबाच्या सालीसारखा पिवळा होता. पाहता पाहता त्यात हिरवट झाक शिरली आणि पाच मिनिटांनी तो स्पष्ट हिरवा झाला. तक्त्याप्रमाणे अमोनिया १ पीपीएम होता, म्हणजे एका लिटरमागे एक मिलिग्रॅम. मासे असलेल्या, स्थिरावलेल्या टँकमध्ये हा आकडा शून्य असायला हवा.

त्याच वेळी पीएच ८ आला, आणि तो आकडा अधिक काळजीचा होता. पाण्यातील अमोनियाचा मुक्त स्वरूपातला भाग माशांना विषारी असतो, आणि तो किती असेल हे पीएच व तापमान यांवर ठरते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर हा भाग सुमारे अर्धा टक्का असतो. पीएच ८ असेल तर तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे ज्यांच्या घरी पाण्याचा पीएच ८ आहे, त्यांच्या टँकमधला १ पीपीएम अमोनिया पीएच ७ च्या पाण्यातल्या तेवढ्याच अमोनियापेक्षा जवळजवळ दहापट घातक ठरतो. ही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी कळण्याचा काहीही मार्ग नाही.

कारण उलगडायला मग वेळ लागला नाही. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू मुख्यतः स्पंजच्या छिद्रांत आणि खडीवर राहतात, पाण्यात तरंगत नाहीत. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली स्पंज पिळताना आम्ही तेच धुऊन टाकले होते. ते सावकाश वाढतात, तर उरलेल्या खाद्यावर जगणारे दुसऱ्या जातीचे जिवाणू काही तासांत कैकपटींनी वाढतात आणि पाणी दुधाळ करतात. शिवाय हे जिवाणू पाण्यातील प्राणवायूही वापरतात, आणि मासे वर येऊन श्वास घेत होते त्यामागे हेही एक कारण होते.

औषध बंद केले. रोज सुमारे १७ लिटर पाणी काढून क्लोरीन घालवलेले तेवढेच पाणी घातले, हवेची मोटर रात्रंदिवस चालू ठेवली, खाद्य एक दिवसाआड आणि चिमूटभर केले. आमचे बाबा प्रेमाने दिवसातून चार वेळा खाद्य घालत असत, त्यांनीही ते मनापासून थांबवले. फिल्टरला हात लावला नाही. नवव्या दिवशी पाणी स्वच्छ दिसू लागले. किटचा खरा उपयोग मला त्या दिवशी पटला, कारण त्या नितळ पाण्यात नायट्राइट ०.५ पीपीएम होते, म्हणजे त्या सबंध काळातले सर्वाधिक. किट नसते तर मी तेव्हाच पाणी बदलणे थांबवून खाद्य वाढवले असते. अमोनिया अकराव्या आणि नायट्राइट अठराव्या दिवशी शून्यावर आले. एकही मासा दगावला नाही.

किटमध्ये उणिवा आहेत. अमोनियाच्या शून्य आणि ०.२५ या दोन छटांत फरक करणे कठीण जाते, आणि ट्यूबलाइटखाली तर पिवळा रंगही हिरवट भासतो. तपासणी दिवसाउजेडीच करावी. नायट्रेटची दुसरी बाटली तीस सेकंद जोरात हलवली नाही, तर तळाशी बसलेला घटक मिसळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. माझे पहिले दोन निकाल असेच वाया गेले. माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे, त्यामुळे आईसाठी मी पायऱ्या मराठीत लिहून खोक्याच्या झाकणावर चिकटवल्या आहेत. रसायने त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असल्याने खोके मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे लागते.

प्रत्येक गढूळपणावर हे किट लागतेच असेही नाही. नवी खडी घातल्याबरोबर आलेला करडा धुरळा एक-दोन दिवसांत आपोआप बसतो. टँकमध्ये ठेवलेल्या लाकडामुळे पाणी चहासारखे झाले तर ते निरुपद्रवी असते. सुदामा नगरातील आमच्या मावशीकडे गॅलरीतल्या टँकचे पाणी हिरवे झाले होते. तेथे अमोनिया शून्यच निघाला, कारण ते शेवाळ उन्हामुळे वाढले होते, आणि टँक आतल्या खोलीत हलवल्यावर ते ओसरले. पाणी दुधाळ असेल आणि मासे अस्वस्थ असतील, तर मात्र कोणतीही बाटली ओतण्याआधी तपासणी झालीच पाहिजे. एवढा खर्च शक्य नसेल त्यांनी फक्त अमोनियाचे छोटे किट घ्यावे. चाचणी पट्ट्या घेऊ नयेत, कारण त्यांपैकी अनेकींत अमोनियाची चौकटच नसते.

किट घरी आल्यावर पहिली तपासणी टँकच्या नव्हे, नळाच्या पाण्याची करावी. उन्हाळ्यात नर्मदेचे पाणी पुरले नाही म्हणून आम्ही बोअरिंगचे पाणी भरत होतो. त्यात एकही मासा नसताना नायट्रेट २० पीपीएम निघाले. तेव्हापासून टँकसाठी लागणारे पाणी आम्ही नळ येतो त्या दिवशी वेगळ्या पिंपात भरून ठेवतो, आणि स्पंज धुवायचा झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा हलकेच दाबून घेतो.