मेजर ठरवण्याआधी स्वयम-एनपीटेल : आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या कॉलेजात एफवाय बीएस्सीला तीन विषय असतात. एसवायला त्यातला एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम), आणि तिसऱ्याला रामराम. माझे तीन म्हणजे भौतिकशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र. मेजर भौतिकशास्त्रच घ्यायचं हे दहावीपासून पक्कं होतं. संख्याशास्त्र त्या गटात होतं म्हणून पदरात पडलेलं.

बारावीनंतर पैसे भरून एक कल चाचणी दिली होती. जाडजूड रंगीत अहवाल आला. मला म्हणे विश्लेषणाची आवड आहे, आणि मी इंजिनिअर, सीए, वकील किंवा संशोधक होऊ शकते. थोडक्यात, पैलवान सोडून सगळं. तो अहवाल आता कपाटात वर्तमानपत्राच्या जागी अंथरलाय.

मग जुलैत स्वयमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर, एनपीटेलचे (आयआयटीवाले चालवतात ते) दोन कोर्स लावले. एक भौतिकशास्त्राचा, 12 आठवड्यांचा. दुसरा आयआयटी कानपूरचा 'डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स विथ आर सॉफ्टवेअर', म्हणजे 'आर' या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरवर संख्याशास्त्र, 8 आठवड्यांचा. व्हिडिओ बघायला आणि असाइनमेंट द्यायला पैसे पडत नाहीत. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी, मी भरली तेव्हा 1000 रुपये, आणि पेपर केंद्रावर जाऊन द्यायचा. असाइनमेंटला 25 टक्के वजन, पेपरला 75. विषय नुसता चाखून बघायचा असेल तर हे बरंय. अर्ध्यात सोडलं तरी घरी हिशेब द्यावा लागत नाही.

भौतिकशास्त्राचे व्हिडिओ मी जेवताना आवडीने बघायचे. पण गणितं सोडवायची वेळ आली की आधी टेबल आवरायचे, मग पाणी प्यायचे, मग मुदतीच्या रात्री साडेअकराला बसायचे. पाचव्या आठवड्यात बसलेच नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मला भौतिकशास्त्राच्या गोष्टी आवडत होत्या, भौतिकशास्त्र नाही.

दुसऱ्या कोर्सचं उलटं झालं. मोबाइलवर 'आर' चालवणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून मामेभावाचा जुना लॅपटॉप आणला. सराव म्हणून पेपरातले लासलगावचे कांद्याचे भाव रोज टाकत गेले. घरी कांदा पिकतो, त्यामुळे किमान, कमाल आणि सर्वसाधारण हे तीन आकडे लहानपणापासून कानावर. 'सर्वसाधारण' म्हणजे सरासरी असंच धरून चालले होते. सरकारी संकेतस्थळावर तोच रकाना 'मोडल प्राइस' नावाने दिसला तेव्हा ट्यूब पेटली. तो भाव सरासरी नाही, बहुलक आहे. जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास गेला तो भाव. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग आपला माल कोणत्या भावाच्या आसपास गेला, ते काढ की." घरच्या सगळ्या हिशोबपट्ट्या काढून बसलो. रात्रीचा एक वाजला. असाइनमेंटमध्ये यातलं काही विचारलेलंही नव्हतं.

पेपर नाशिकला होता, पहाटेची एसटी पकडून गेले. 67 आले, म्हणजे सर्टिफिकेटवर 'एलीट' हा शेरा. आनंद झाला. पण विषय जमतो की नाही हे मार्कांवरून ठरवू नका. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात, 25 पैकी 25 कुणालाही पडतात.

आता कमी काय पडतं ते. व्याख्यानं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मला पहिले दोन आठवडे वेग 0.75 वर ठेवावा लागला. आणि विषय कळतो, नोकरी कळत नाही. ते बाहेरच विचारावं लागतं. पुण्यात विमा कंपनीत असलेल्या आमच्या एका सीनियर ताईला फोन केला. "दिवसातला निम्मा वेळ एक्सेलमधली घाण काढण्यात जातो, सूत्रं नंतर," म्हणाली. आमच्या सरांनी सरकारी वाटा सांगितल्या. पदवीला संख्याशास्त्र असेल तर कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येतं, यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवाही आहे. बारावीत यातलं एकही नाव माझ्या कानावर आलं नव्हतं.

एफवायचं वेळापत्रक सांभाळून दोन कोर्स एकदम लावू नका. माझ्या पहिल्या सेमिस्टरच्या गणिताने त्याची किंमत मोजली.

पाचपैकी साडेतीन तारे. एसवायचा फॉर्म गेल्या आठवड्यात भरला. मेजर संख्याशास्त्र, मायनर गणित. अण्णा सगळ्यांना सांगतात, पोरगी कांद्याच्या भावाचं शिकतेय.