अंकी अ‍ॅपचा रिव्ह्यू: दोन वर्षं रोज वापरून, प्रवेश मिळाल्यावर लिहितेय

रेटिंग 5 पैकी 4.5. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच.

हा रिव्ह्यू कुणासाठी आहे ते आधी सांगते. टॉपच्या युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेसाठी दिवसाला दहा-बारा तास बसताय, सिलॅबस दोनदा संपवलाय, वह्या भरल्यात, पण मॉक टेस्टचे मार्क त्याच आकड्याच्या आसपास अडकलेत, अशा लोकांसाठी. मी पहिल्या प्रयत्नात अगदी तशीच होते. थोडक्या मार्कांनी हुकलं आणि सगळे म्हणायला लागले की आता स्मार्ट वर्क कर, पण स्मार्ट वर्क म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं हे कुणी सांगायचं नाही. माझ्यापुरतं त्याचं उत्तर या अ‍ॅपमध्ये सापडलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

माझ्या एका मैत्रिणीने सुरुवात करून दिली. मी इलेक्ट्रोकेमिस्ट्री तिसऱ्यांदा वाचत होते, तीन रंगांचे हायलायटर घेऊन, तर ती म्हणाली, "तू वाचतेस खूप गं, पण पुस्तक मिटून स्वतःला विचारतेस का कधी?" आणि तिने पुस्तक मिटलं न् विचारलं की नर्न्स्टच्या समीकरणात क्यू वाढला तर सेलचं पोटेन्शियल वाढणार की कमी होणार. पान कुठलं, डावीकडे की उजवीकडे, कुठल्या रंगात रंगवलंय, सगळं डोळ्यांसमोर आलं. उत्तर आलं नाही. (कमी होतं, आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.)

तर अंकी म्हणजे काय, अगदी थोडक्यात. फ्लॅशकार्डचं अ‍ॅप आहे. पुढे प्रश्न, मागे उत्तर. तुम्ही आधी मनात उत्तर द्यायचं, मग कार्ड उलटायचं, मग प्रामाणिकपणे बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड किंवा ईझी. त्यावरून ते ठरवतं की हेच कार्ड पुन्हा उद्या दाखवायचं की दहा दिवसांनी की तीन महिन्यांनी. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये जपानी शिकण्यासाठी ते बनवलं, आणि अंकी हा जपानी शब्दच आहे, अर्थ पाठांतर. नाव ऐकून वाटतं घोकंपट्टीच असणार, पण घोकंपट्टीत आपण उत्तर डोळ्यांसमोर ठेवून तेच तेच म्हणत बसतो आणि इथे उत्तर झाकलेलं असतं, फरक तिथेच आहे आणि तो फार मोठा आहे.

मला आधी पटत नव्हतं म्हणून मी जरा शोधलं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा एक प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तर उलटं झालं, वाचणारे 42 वर आणि आठवून लिहिणारे 56 वर. हे वाचून मला माझं अख्खं वर्ष समजलं, कारण रात्री वाचून झोपताना मला सगळं यायचं, आणि आठवड्याने मॉकमध्ये काहीच नाही, आणि मी प्रत्येक वेळी निष्कर्ष काढायचे की अजून जास्त वाचायला हवं. 2013 मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने वाटणं या दोनच पद्धतींना सगळ्यात वरचा दर्जा मिळाला, आणि हायलायटिंग न् पुन्हा वाचणं खालच्या गटात गेलं. म्हणजे माझ्या दिवसाचे बहुतेक तास खालच्या गटातच जात होते.

मूळ कल्पना जुनीच आहे हं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता, लाइटनर नावाच्या लेखकाने 1972 मध्ये पुठ्ठ्याचे खोके आणि कागदी कार्डं घेऊन हेच सांगितलं, आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात आणि चुकलेलं पहिल्या खोक्यात. अ‍ॅप नको असेल तर खोकी आजही चालतात, फक्त हजार कार्डं झाली की तारखा सांभाळणं अवघड जातं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. अ‍ॅप चांगलं आहे पण मार्क अ‍ॅपने वाढत नाहीत, कार्ड कसं बनवता त्यावर सगळं आहे. सुरुवातीला मी कुणीतरी बनवलेला हजारो कार्डांचा तयार डेक (म्हणजे कार्डांचा संच) डाउनलोड केला, कारण वेळ वाचेल असं वाटलं. दोन आठवड्यांत मी दुसऱ्याच्या शब्दांतली उत्तरं ओळखायला शिकले, कार्डाचे पहिले दोन शब्द दिसले की उत्तर तोंडात, विषय मात्र डोक्यात नाही. तो डेक डिलीट केला. मग स्वतः बनवायला लागले तर पहिलंच कार्ड असं की पुढे 'ऑप्टिक्सची सगळी सूत्रं' आणि मागे चौदा सूत्रं. त्यातली अकरा आठवली तर बटण कुठलं दाबायचं सांगा? एका कार्डावर एकच गोष्ट, हे मी असं धडपडून शिकले.

त्याच्याही पुढे जाऊन कळलं की नुसतं सूत्राचं कार्ड कमी उपयोगाचं आहे, कारण चांगल्या परीक्षेत सूत्र कुणी विचारत नाही, ते कुठे लागू पडत नाही तिथे पकडतात. म्हणून माझी निम्मी कार्डं 'कधी नाही' प्रकारची झाली. उदाहरणार्थ, व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू ए एस कधी वापरता येत नाही? त्वरण स्थिर नसेल तेव्हा. मुक्तपणे खाली पडणाऱ्या लिफ्टमध्ये साध्या दोलकाचा आवर्तकाल किती? अनंत, तो हेलकावा घेतच नाही. असं कार्ड बनवायला पाच मिनिटं लागतात, पण त्या पाच मिनिटांत जितका विचार होतो तितका माझा पूर्वी तासाभराच्या वाचनात होत नव्हता.

आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो मॉकच्या चुकांच्या कार्डांचा. प्रत्येक मॉकनंतर मी चुकलेला प्रत्येक प्रश्न चारपैकी एका कारणात टाकायचे: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, आठवलं पण चुकीच्या ठिकाणी वापरलं, आणि घाई झाली. घाईवाल्या चुकांवर कार्डाचा उपयोग नाही, ते वेळ लावून पेपर सोडवूनच सुधारतं. पहिल्या प्रकारासाठी पुस्तकाकडे परत जायचं, समजल्याशिवाय कार्ड बनवायचं नाही. मधल्या दोन प्रकारांसाठी मात्र अंकीला तोड नाही. माझी एक चूक सांगते, गोळी लाकडी ठोकळ्यात रुतते आणि ठोकळा दोरीवर वर जातो, तो प्रश्न. तीन वेगवेगळ्या मॉकमध्ये मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गतिज ऊर्जा अक्षय्य धरली आणि तीनदा चुकले! दर वेळी सोल्यूशन बघून 'अरे हो' म्हणायचे आणि पान उलटायचे. मग कार्ड केलं: गोळी रुतते त्या क्षणी काय टिकतं? संवेग. आणि नंतर वर जाताना? यांत्रिक ऊर्जा. बस, इतकंच. पूर्ण गणित कार्डावर घ्यायचं नाही, फक्त जिथे पाय घसरला ती पायरी घ्यायची. त्यानंतर त्या जातीचा प्रश्न माझा एकदाही चुकला नाही.

सेटिंगबद्दल थोडं, कारण इथे लोक गोंधळतात. रोजची नवीन कार्डं मुळात 20 वर असतात. ऐकायला कमी वाटतात पण प्रत्येक नवीन कार्ड पुढे कितीतरी वेळा परत येतं, म्हणूनच रिव्ह्यूची, म्हणजे परत येणाऱ्या जुन्या कार्डांची, रोजची मर्यादा नवीन कार्डांच्या निदान दहापट ठेवा असं सेटिंगमध्येच सुचवलेलं आहे. मी उत्साहात रोज 60 नवीन टाकली आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर पाचशेच्या वर कार्डं वाट बघत होती, मग दोन दिवस उघडलंच नाही, मग आकडा अजून फुगला, तो ताण मला अजून आठवतोय. बॅकलॉग साचला तर नवीन कार्डं शून्य करा आणि रोज थोडी थोडी जुनी संपवा, सगळं रीसेट करू नका. नंतर मी 15 वर आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले, रोज साधारण चाळीस मिनिटं, सकाळी पहिलं काम हेच.

2023 च्या व्हर्जनपासून त्यात कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी एफएसआरएस नावाची नवीन पद्धत आलीय, आधीची पद्धत वोझ्नियाक नावाच्या पोलिश संशोधकाच्या 1987 च्या अल्गोरिदमवर आधारलेली होती. नवीनवाली चालू करा, ती तुमच्या स्वतःच्या विसरण्याच्या नोंदींवरून अंतर ठरवते. त्यात किती टक्के लक्षात राहायला हवं असा आकडा असतो, मुळात 90. तो 97 करायचा मोह होतो, करू नका, रोजची कार्डं बेसुमार वाढतात आणि तो वेळ खरं तर गणितं सोडवायला हवा असतो. आणि एक चूक जी मी सहा महिने केली: उत्तर आलं नाही तरी 'अगदीच आलं नाही असं नाही' म्हणून हार्ड दाबायचे. हार्ड म्हणजे आलं, पण कष्टाने आलं. आलं नसेल तर अगेनच दाबायचं. नाहीतर अ‍ॅपला वाटतं तुम्हाला येतंय आणि ते कार्ड लांब ढकलतं, आणि तुम्हाला वाटतं अ‍ॅप काम करत नाही.

लीच हा प्रकारही मला फार आवडला. एखादं कार्ड शिकून झाल्यावर आठ वेळा विसरलात तर त्यावर लीच म्हणजे जळू असा शिक्का बसतो आणि सेटिंग तसं ठेवलं असेल तर ते आपोआप बाजूलाही पडतं. माझी सगळी लीच कार्डं उघडून बघितली तर त्यातली बरीचशी केमिस्ट्रीतल्या समन्वय संयुगांची निघाली, म्हणजे पाठांतर कमी नव्हतं, ते प्रकरण मला मुळात समजलंच नव्हतं. चार दिवस फक्त तेच प्रकरण केलं, मग कार्डं नव्याने लिहिली. कुठे कच्चे आहोत हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कशानेच दाखवलं नाही.

आता तो अर्धा स्टार. पहिल्यांदा उघडल्यावर कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं, इतके पर्याय आहेत आणि दिसायला अगदी साधं आहे. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवरचं अधिकृत अ‍ॅप मात्र विकत घ्यावं लागतं, नाहीतर ब्राउझरमधून अंकीवेब वापरा, तेही फुकट आहे. नावात अंकी असलेली दुसरीही अ‍ॅप्स असतात, डाउनलोड करताना नीट बघा. आकृत्यांसाठी इमेज ऑक्लूजन आता आतच आहे, चित्राचा भाग झाकून विचारतं, बायोलॉजीवाल्यांना सोन्यासारखं.

आणि हे काय करत नाही तेही सांगायला हवं, कारण काही जण दिवसभर फक्त कार्डंच करत बसतात. न पाहिलेला प्रश्न समोर आल्यावर दहा मिनिटं त्याच्याशी झुंजत बसायची सवय यातून लागत नाही. वेळ लावून तीन तास एका जागी पेपर सोडवणं यातून येत नाही. निबंध किंवा मुलाखत मागणाऱ्या युनिव्हर्सिटीसाठी लिहिणं-बोलणं यातून येत नाही. माझ्या दिवसात चाळीस मिनिटं अंकी आणि बाकी जवळजवळ सगळा वेळ प्रश्न सोडवणं असं होतं, आणि एकूण तास पहिल्या प्रयत्नापेक्षा कमी होते, साधारण सात. झोप पूर्ण व्हायची. हे कमी तासांचं मी घरी बरेच दिवस सांगितलंच नव्हतं, आईला काळजी वाटली असती की पोरगी ढिली पडली.

माझा धाकटा भाऊ आता त्याच परीक्षेची तयारी करतोय. पहिल्याच दिवशी आला, "ताई, तुझा डेक दे ना, सगळं तयारच आहे." मी दिला नाही. चिडला, दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग मी त्याच्या शेवटच्या मॉकचा पेपर घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि एकेका चुकीवर विचारलं, इथे नेमकं काय झालं होतं रे? पहिल्या दिवशी सहा कार्डं बनली. काल बघितलं तर 143 झाली होती, आणि त्यातलं एक कार्ड असं होतं जे मला स्वतःला आलं नाही.