फुगा, पोएम की हेलर: विटांवरच्या पलंगाने केलेला निवाडा

अकॅलेशिया (अन्ननलिकेच्या तळाची झडप नीट उघडत नाही आणि घास अडकून राहतो) हे नाव एव्हाना तुमच्या तोंडात बसलं असेल आणि बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रे फिल्मवरची पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती अन्ननलिकाही पाहून झाली असेल, असं धरून चालतो. वर्षाला लाखात एखाद्याला होणारा आजार. सांगलीत आम्हाला विचारायला कोणी भेटलं नाही. एका दवाखान्यात तर ॲसिडिटी म्हणून दीड वर्ष गोळ्या दिल्या आणि वर 'वहिनी, टेन्शन घेऊ नका' असा सल्लाही. तोवर बायकोचं वजन 11 किलोने उतरलं होतं. पुण्यात मनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी) झाली तेव्हा कुठे कळलं: तीन प्रकारांपैकी टाइप टू. मग प्रश्न उपचाराचा: झडप फुग्याने ताणायची, की तिचा स्नायू कापायचा, तोंडातून (पोएम) नाहीतर पोटातून (हेलर)?

तुमच्या रिपोर्टवर टाइप थ्री लिहिलं असेल, तर माझ्या मताचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. त्या प्रकारात पेटके नळीत वरपर्यंत येतात. पोटातून शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, फुगा तर खालच्या झडपेपुरताच. तोंडातून जाणाऱ्या पोएममध्ये हवं तितकं वर कापत येता येतं. तिथे बहुतेक डॉक्टर पोएमच सांगतात आणि ते बरोबरच वाटतं. खरा घोळ होतो तो टाइप वन आणि टू वाल्यांचा, कारण त्यांना तिन्ही दारं उघडी असतात. (बोटॉक्सचं इंजेक्शन चौथं, पण त्याचा असर साधारण सहा महिने ते वर्षभर. भूल झेपणार नाही अशा वयस्कर माणसांसाठी ते ठीक.)

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून टाका. तिन्हीपैकी कशानेही आजार जात नाही. घास खाली ढकलणारी लाट गेली ती गेलीच. खालचं दार सैल करायचं, बाकी काम घासाच्या वजनावर आणि पाण्याच्या घोटावर सोडायचं, एवढंच आपल्या हातात.

आम्ही सुरुवात फुग्याने केली. 30 मिलिमीटरचा. दुसऱ्या दिवशी घरी, चौथ्या दिवशी ताटात अर्धी भाकरी. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. नऊ महिने सुखाचे गेले आणि मग एका दुपारी जेवताना ती छातीवर हात ठेवून उठून उभी राहिली. 'अडकलं.' आता 35 चा, नंतर लागला तर 40 चा. डॉक्टरांनी हे टप्पे पहिल्याच दिवशी सांगितले होते, त्यामुळे फसवणूक कोणाची नाही. पण दर खेपेला नळीला भोक पडण्याचा शंभरात दोन-चार जणांचा धोका आणि दर खेपेला पुन्हा तीच आशा. 2011 च्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी फुगा 86 टक्के आणि हेलर 90 टक्के यशस्वी, म्हणजे जवळपास बरोबरी. पण त्या 86 मध्ये मधे पुन्हा फुगवून घेतलेलेही धरले आहेत. 2019 मध्ये पोएमशी तुलना झाली, तिथे नंतर पुन्हा उपचार लागला की ते अपयश मानलं. आकडे आले पोएम 92, फुगा 54. दोन्ही आकडे खरे. 'यश' कशाला म्हणायचं ते आपण ठरवायचं. ज्यांना एका रजेत घरी यायचं आहे आणि दोन-तीन वर्षांनी परत जायची तयारी आहे, त्यांना फुगा वाईट नाही.

मग राहिले दोन कापायचे मार्ग. इथे एक इशारा: आपल्याकडे दोन्हीला 'दुर्बिणीतून' म्हणतात. आमचे नातेवाईक महिनाभर एकमेकांशी वेगवेगळ्या ऑपरेशनबद्दल बोलत होते. 'तोंडातून की पोटातून' असंच विचारा.

पोएम जपानच्या इनोए यांनी 2008 मध्ये माणसावर पहिल्यांदा केली. नळीच्या आतल्या अस्तराखालून बोगदा काढत जायचं, झडपेचा स्नायू कापायचा, येताना तोंडाशी क्लिपा लावायच्या. पोटावर ओरखडाही नाही. वेटिंग हॉलमध्ये ओळख झालेल्या साताऱ्याच्या एका गृहस्थांनी तीच केली. आजही ते तिचे गोडवे गातात. त्यांना जेवताना पाहिलं तर आजार होता हे पटत नाही. फक्त सकाळची ॲसिडची गोळी चुकली, तर दुपारी त्यांचा चेहरा सांगतो.

आणि इथेच आमचं घोडं अडलं.

त्याआधी दोन वर्षं आमच्या पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा होत्या. दुपारचा भात रात्री दोनला उशीवर यायचा, जसाच्या तसा, आंबटही न झालेला. मग ठसका आणि पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसणं. विटांनी थोडा फरक पडला, पण त्या उतारावर आम्ही दोघंही रात्रभर पायथ्याकडे घसरत असू. मला काही झालेलं नव्हतं, तरी मीही. चादर सकाळी पायाशी गोळा. पाहुणे आले की त्या विटा काय म्हणून विचारणार, आणि ही पुन्हा सगळी कथा सांगणार.

पोएमबद्दल बोलताना डॉक्टर सहज म्हणाले, 'नंतर गोळी चालू ठेवायची आणि पलंग डोक्याकडून थोडा उंच.' ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'विटा राहणारच असतील तर कापायचं कशाला?'

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की आधीच्या विटा साठलेल्या अन्नासाठी होत्या, या जठरातून वर येणाऱ्या ॲसिडसाठी. दोन्हींची कारणं वेगळी. शास्त्र म्हणून त्यांचंच बरोबर होतं. पण झोपायचं त्याच उतारावर होतं.

लाइपझिगच्या हेलर यांची शस्त्रक्रिया 1913 सालची, आता ती पोटावर चार-पाच छिद्रं पाडून होते. स्नायू तोच कापतात. फरक एवढाच की वर जठराचा भाग दुमडून टाक्यांनी पांघरूण घालतात, त्याला डोर म्हणतात. पोएममध्ये दार उघडं होतं आणि त्यावर पडदा राहत नाही. 2019 च्याच आणखी एका अभ्यासात घास उतरण्याच्या बाबतीत दोन्ही सारखे निघाले, 83 आणि 82 टक्के. मात्र दोन वर्षांनी आतून पाहिलं तर ॲसिडने आलेली सूज पोएमवाल्यांपैकी 44 टक्क्यांना, हेलरवाल्यांपैकी 29 टक्क्यांना. 29 म्हणजे शून्य नव्हे, हे आम्हालाही कळत होतं. आणि सूज दिसली तरी बऱ्याच जणांना जळजळ जाणवत नाही, गोळीने भागतं, हेही खरं.

आम्ही हेलर केलं. चार दिवस दवाखाना, पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखला (खांदा का, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं), तीन आठवडे पेज आणि मऊ भात. तीन महिन्यांनी विचारून एक-एक वीट काढली, मग दुसरीही. दीड वर्ष झालं. भाकरी खाते, शेजारी तांब्या हवा, जेवायला चाळीस मिनिटं लागतात. रात्री आठनंतर काही नाही. मटणाच्या रश्श्यानंतर गोळी लागते, पण ती मलाही लागते.

तुमच्या शहरात पोएमचा हात बसलेला डॉक्टर असेल आणि हेलर करणारा वर्षाला एखाददुसरंच करत असेल, तर माझं सगळं म्हणणं उलटं करून घ्या. किती केल्या, हे विचारायला लाजू नका.

आणि कुठलाही मार्ग घ्या, आधीचे दोन-तीन दिवस फक्त पातळ पदार्थ द्या, आणि नेमके किती दिवस ते डॉक्टरांना विचारून घ्या. रात्रभर उपाशी ठेवून ही नळी रिकामी होत नाही, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर भुलेत जिवावर बेततं. भूल देणाऱ्यांना हे आपणहून सांगा. आमच्या फुग्याची पहिली तारीख पुढे गेली, कारण नळीत आदल्या सकाळचं उप्पीट तसंच बसलेलं होतं.