बॉसखार्टची फुलं, नवी पेठेतली छपाई

जुन्या चित्रांच्या प्रती छापून फ्रेम करून देणारं एक दुकान सोलापुरात नवी पेठेत आहे. अम्ब्रोसियस बॉसखार्ट या जुन्या डच चित्रकाराचं ‘खिडकीतली फुलदाणी’ हे चित्र तिथून करून घ्यायचं असेल तर फ्रेमची काळजी नको, ती चोखच मिळते. छपाईकडे मात्र स्वतः लक्ष द्या.

मूळ तैलचित्र नेदरलँड्समधल्या हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. साधारण 1618 चं, लाकडी फळीवरचं, 64 × 46 सेंमी. कमानीच्या खिडकीत काचेच्या भांड्यात फुलं आणि मागे लांबवर निळसर प्रदेश. पहिल्या नजरेत नुसता थाट दिसतो. पण ट्यूलिप वसंतातला आणि गुलाब उन्हाळ्यातला, म्हणजे हा गुच्छ असाच्या असा कुठल्या घरात ठेवलेला नव्हता. फुलांचे वेगवेगळे अभ्यास करून चित्रकाराने तो जुळवलाय, म्हणूनच जवळजवळ प्रत्येक फूल तोंड दाखवून उभं आहे. ट्यूलिपवरचे ज्वाळेसारखे पट्टे विषाणूमुळे येतात. तोच विषाणू कंदाला दुबळं करतो, आणि त्या काळी हॉलंडात असल्याच कंदांना मोठा भाव होता! खालच्या पानांना किडीने पाडलेली भोकं आहेत, कट्ट्यावर दूरच्या समुद्रातले शिंपले आहेत. ही शोभा टिकणारी नाही, हे चित्र इथे सांगतं. भोकं छपाईत बुजली तर हातात फक्त शोभेचा गुच्छ उरतो.

दुकानात न विचारता कॅनव्हास सुचवतात. तो घेऊ नका. मूळ पृष्ठभाग गुळगुळीत आहे. कॅनव्हासची वीण नेमकी त्या भोकांवर आणि पाकळ्यांच्या कडांवर बसते. मॅट कागदच मागा. दुसरी अडचण मापाची. तयार फ्रेम 24 × 18 इंची असते, तर 18 इंच रुंदीला या चित्राची उंची 25 इंच येते. जादा इंच खालून कापला तर कट्टा आणि शिंपल्यांवर गदा येते. फ्रेम मापाने बनवून घ्या. 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) फाइल 5400 × 7500 पिक्सेलची लागते. ती पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की दबते. रंग ‘उठावदार’ करायला साफ नकार द्या, नाहीतर मागचा फिका निळा गडद होऊन पुढे येतो आणि खिडकीची खोली संपते. आधी शिंपल्यांच्या भागाचा पोस्टकार्डएवढा नमुना छापून बघा.

फ्रेमचं काम खरोखर मन लावून केलेलं असतं. कोपरे घट्ट, माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची पट्टी) सरळ कापलेला, मागची कड टेपने बंद. माउंट वाचवायला जाऊ नका. पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो तो माउंट नसल्यामुळेच. मागे रबरी गुट्ट्या लावून मागा, म्हणजे भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही. आणि सोलापूरचं ऊन पाहता पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा, तिथे शाई लवकर उडते.