राणीच्या बागेत पेंग्विन बघाच, पण आधी हत्ती आणि घोडा बघा

मागच्या आठवड्यात भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेले, तिला पेंग्विन बघायचे होते. आम्ही बघितलेही, मस्त आहेत, पण मला लिहायचंय ते तिथल्या पुतळ्यांबद्दल, कारण लोक त्यांच्या बाजूने झपाझप चालत निघून जातात आणि मला खरंच वाईट वाटतं.

गेटला लागूनच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, त्याच्या आवारात एक मोठा काळा दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा मूळ हत्ती आहे हो! पूर्वी तो बेटावर धक्क्याजवळ होता, पोर्तुगीजांनी त्याला बघूनच बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. म्हणजे लाँचमध्ये बसून आपण एलिफंटाला जातो आणि ज्याच्यावरून ते नाव पडलं तो इथे भायखळ्यात. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो तुटला, मग 1864 मध्ये तुकडे इथे आणले आणि पुन्हा नीट जोडायला 1914 उजाडलं. जवळ जाऊन बघा, अंगावर सांधे दिसतात. भाची म्हणाली मावशी याला टाके घातलेत का, तेव्हापासून मलाही ते टाकेच दिसतायत.

दुसरा म्हणजे काळा घोडा. फोर्टात ज्याच्यावरून अख्ख्या भागाला काळा घोडा म्हणतात तो मूळ पुतळा 1965 मध्ये तिथून काढला आणि आता इथे बागेत आहे. 2017 ला तिकडे नवीन बसवला तो स्वाराशिवायचा, इथल्या घोड्यावर मात्र सातवा एडवर्ड बसलाय, तेव्हा तो प्रिन्स ऑफ वेल्स होता, 1875-76 ला मुंबईत येऊन गेला त्याची आठवण म्हणून ससून घराण्यातल्या अल्बर्टने हा पुतळा शहराला दिला. ब्राँझचा आहे पण लांबून काळाच दिसतो, आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की मुंबईकरांनी राजपुत्राचं नाव बाजूला ठेवून घोड्याचंच नाव जागेला दिलं. खाली उभं राहून वर बघा, आधी घोडाच नजरेत भरतो.

म्हणजे मुंबईतल्या दोन नावांचे दोन मूळ मालक एकाच बागेत, भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. गेटजवळचा डेव्हिड ससूनचा घड्याळाचा टॉवरपण बघून घ्या, चारही बाजूंनी फिरून. बुधवारी बंद असतं आणि रविवारी गर्दी फार, त्यामुळे मधल्या वारी सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. मुलांना हत्तीवर चढवून फोटो प्लीज काढू नका, एकदा तुटून जोडलेला आहे तो. माझ्याकडून पाचपैकी पाच, भाचीने घरी आल्यावर चित्र काढलं ते पेंग्विनचं नाही, टाके घातलेल्या हत्तीचं.